‘चोरलं’ हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही

प्रिय वाचक,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून आकडेमोड करत बसलो. उत्तराला आठवडा लागला तो त्यामुळे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा तो अमेरिकी खेळ) १९२५ सालच्या हंगामावर मी लिहिलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल या कोळशाच्या गावचा ‘मरून्स’ संघ तेव्हाच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये पहिल्याच वर्षी अव्वल ठरला, आणि विजेतेपद मात्र शिकागो कार्डिनल्सच्या नावावर लागलं. मी शीर्षकात ‘चोरलं’ असं म्हटलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: एक, जो ‘अंतिम सामना’ मी रंगवला तसा सामनाच कधी झाला नाही. दोन, मरून्सनी नियम मोडला, त्यांना शिक्षा झाली, विषय संपला. तीन, ‘खाणकामगारांचा संघ’ हा माझा भाबडेपणा आहे. आणि चार, ज्या हंगामात कॉलेज फुटबॉलचा गाजलेला खेळाडू रेड ग्रेंज व्यावसायिक खेळात आला त्या हंगामावर लिहिताना त्याचं नावही नाही, म्हणजे मी एकच बाजू वाचून बसलो आहे.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. १९२५ साली या लीगमध्ये अंतिम सामना नव्हता. वीस संघ होते आणि कुणी किती सामने खेळायचे हेही ठरलेलं नव्हतं. मालक एकमेकांना पत्रं, तारा पाठवून सामने जुळवत. मग विजेता ठरवायचा कसा, तर जिंकलेले सामने भागिले जिंकलेले अधिक हरलेले. बरोबरी हिशेबातच धरायची नाही. कसोटी अजिंक्यपदाच्या तक्त्यात आपण टक्केवारी बघतो ना, साधारण तसंच, फक्त शेवटचा निर्णायक सामना वजा करून. ६ डिसेंबरला मरून्सनी शिकागोत जाऊन, कॉमिस्की पार्कवर, गारठ्यात कार्डिनल्सना २१-७ हरवलं. तो सामना वर्तमानपत्रांनी विजेतेपदाचा म्हणून गाजवला आणि मी शंभर वर्षांनी त्याच बातम्यांच्या नादी लागलो. लीगच्या लेखी तो नेहमीसारखाच एक सामना होता.

तिसऱ्या मुद्द्यावरही तुमचं पारडं जड आहे. मरून्समधले बहुतेक खेळाडू कॉलेजात शिकलेले होते. चार्ली बेरी लाफायेट कॉलेजचा. तो बेसबॉलही व्यावसायिक पातळीवर खेळला आणि पुढे पंच म्हणून नावारूपाला आला. प्रशिक्षक डिक राउश पेन स्टेटचा. मालक डॉ. जॉन स्ट्रीगेल शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. हातापायाला खरोखर कोळसा लागलेला मुख्य खेळाडू एकच, टोनी लटोन. वडील गेल्यावर तो अकराव्या वर्षी खाणीत शिरला. रुळांवरचे कोळशाचे डबे ढकलून ढकलून त्याच्या मांड्या अशा झाल्या की चेंडू घेऊन सरळ माणसांच्या भिंतीत घुसायचा आणि पलीकडे निघायचा. एका लटोनवरून मी सगळा संघ खाणीत उतरवला, हे खरं.

पण एक गोष्ट तुम्हीही सोडून दिलीत. त्या साली १ सप्टेंबरपासून पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रसाइट, म्हणजे कठीण कोळशाच्या पट्ट्यात संप होता. दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसलेले. संप मिटला तो पुढच्या फेब्रुवारीत. म्हणजे मरून्सचा तो अख्खा हंगाम संपाच्या काळात पार पडला. रविवारी मिनर्सव्हिल पार्क या मरून्सच्या घरच्या मैदानातल्या फळकुटांवर जे बसत त्यांच्या घरी पगार येत नव्हता. खेळाडू कामगार नव्हते, प्रेक्षक होते. ‘खाणकामगारांचा संघ’ म्हणताना माझ्या डोक्यात हे होतं, लिहिलं मात्र नाही. तेवढी चूक माझी.

रविवारचा विषय निघालाच आहे तर त्याचंही सांगतो, कारण सगळ्या भांडणाची मुळं तिथे आहेत. पेनसिल्व्हेनियात तेव्हा रविवारी खेळांचे सामने भरवायला कायद्याने बंदी होती. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड उपनगरातला यलो जॅकेट्स संघ ती पाळायचा, म्हणून घरचे सामने शनिवारी घ्यायचा. पॉट्सव्हिलमध्ये हा कायदा कुणी फारसा मनावर घेत नसे. त्यामुळे बाहेरून आलेला संघ शनिवारी फ्रँकफर्डला खेळायचा, रात्री गाडीत बसायचा आणि रविवारी पॉट्सव्हिलला. एका प्रवासखर्चात दोन सामन्यांची कमाई. पॉट्सव्हिलला लीगमध्ये जागा मिळाली त्यात या सोयीचा मोठा हात होता. आणि हेही आलंच की आदल्या दिवशी मार खाऊन आलेला संघ मरून्सच्या ताटात पडायचा! फ्रँकफर्डवाल्यांना शेजाऱ्याचं हे भाग्य किती गोड वाटत असेल याची कल्पना करा. त्यात २९ नोव्हेंबरला मरून्सनी त्याच फ्रँकफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला.

आता तुमचा दुसरा आणि खरा मुद्दा.

नियम मोडला का? मोडला. १२ डिसेंबरला मरून्सनी नोटर डेम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी प्रदर्शनीय सामना ठेवला. त्या संघात आदल्या वर्षीचे, अमेरिकाभर गाजलेले ‘चार घोडेस्वार’, म्हणजे चार आक्रमक खेळाडूंची चौकडी, होते. मिनर्सव्हिल पार्क एवढ्या पाहुण्यांना पुरणार नव्हतं, म्हणून सामना फिलाडेल्फियाच्या शायब पार्कवर नेला. फिलाडेल्फिया ही फ्रँकफर्डची हद्द, आणि दुसऱ्या संघाच्या हद्दीत परवानगीशिवाय खेळायचं नाही असा लीगचा नियम. त्याच दिवशी फ्रँकफर्डचा स्वतःचा सामना होता. फ्रँकफर्डने तक्रार केली, लीगचे अध्यक्ष जो कार यांनी मरून्सना हा सामना खेळू नका म्हणून बजावलं. स्ट्रीगेल यांचं म्हणणं, लीगच्या कचेरीतून फोनवर परवानगी मिळाली होती. कागदावर काही नाही. सामना झाला आणि मरून्स निलंबित, वर पाचशे डॉलर दंड. प्रॉव्हिडन्सशी ठरलेला सामनाही हातचा गेला.

कार यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. पाच वर्षांपूर्वी ओहायोतल्या कँटनमध्ये एका मोटारींच्या दुकानात, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून गाड्यांच्या पायऱ्यांवर बसून सुरू केलेली ही लीग. संघ येतात, बुडतात, एकमेकांचे खेळाडू पळवतात. हद्दीचा नियमसुद्धा पाळायचा नसेल तर मग लीग कशाला हवी? इथवर मी तुमच्या बाजूचा.

पण तुम्ही लिहिता, ‘मरून्स बाद, म्हणून कार्डिनल्स विजेते.’ या ‘म्हणून’पाशी मी अडतो. वहीतलं गणित इथे मांडतो.

६ डिसेंबरच्या रात्री मरून्स १० विजय, २ पराभव. कार्डिनल्स ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी. टक्केवारीत मरून्स पुढे. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईघाईने आणखी दोन सामने जुळवले. यात बेकायदा काही नव्हतं, हंगामाची मुदत संपलेली नव्हती. सामने मात्र कुणाशी? मिलवॉकी आणि हॅमंडशी. दोघेही तळाचे, दोघांचेही खेळाडू हंगाम आटोपून आपापल्या कामाला लागलेले. १० डिसेंबरला, गुरुवारी, मिलवॉकीवर ५९-० असा विजय. १२ तारखेला, म्हणजे मरून्स शायब पार्कवर नियम मोडत होते त्याच शनिवारी, हॅमंडवर १३-०. झाले ११ विजय, २ पराभव. ११ भागिले १३, म्हणजे ०.८४६. मरून्सचे १० भागिले १२, म्हणजे ०.८३३. कार्डिनल्स वर.

आता त्या ५९-० कडे जरा जवळून बघा. मिलवॉकीकडे पुरेसे खेळाडू नव्हते. मग कार्डिनल्सचाच खेळाडू आर्ट फोल्झ याने शिकागोतल्या आपल्या जुन्या शाळेतून, इंगलवुड हायस्कूलमधून, चार मुलं आणून त्यांना मिलवॉकीच्या बाजूने उतरवलं. शाळकरी मुलं, समोर पगारी, दणकट बाप्ये. हे उघड झाल्यावर कार यांनी फोल्झवर आजन्म बंदी घातली, मिलवॉकीचे मालक अँब्रोज मॅकगर्क यांना पाचशे डॉलर दंड करून संघ विकायला लावला, आणि ओब्रायन यांना हजार डॉलर दंड केला. आपल्याला आधी कल्पना नव्हती, असं ओब्रायन यांचं म्हणणं होतं. म्हणजे दंडाच्या रकमेवर अपराध मोजायचा तर कार्डिनल्सचा अपराध मरून्सच्या दुप्पट निघतो. असं मोजायचं नसतं हे मला कळतं, पण लिहिताना हात आवरला नाही.

तो ५९-० आजही तक्त्यात आहे. तो एक सामना बाजूला काढा. कार्डिनल्सचे उरतात १० विजय, २ पराभव. मरून्सचे १० विजय, २ पराभव. टक्केवारी तंतोतंत सारखी. आणि आमनेसामने झालेला एकुलता एक सामना कुणी जिंकला होता, ते वर आलंच आहे. दुसऱ्या बाजूने बघा: मरून्सना प्रॉव्हिडन्सविरुद्ध खेळू दिलं असतं आणि ते जिंकले असते, तर ११-२. पुन्हा बरोबरी!

आता ग्रेंज. त्याला मी गाळलं, कारण त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा होता. पण तो या गोष्टीच्या बाहेरचा नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ग्रेंज इलिनॉय विद्यापीठाचा. शेवटचा कॉलेज सामना २१ नोव्हेंबरला संपवून लगेच शिकागो बेअर्सकडे आला आणि २६ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, पहिला सामना खेळला तो याच कार्डिनल्सविरुद्ध. प्रेक्षक छत्तीस हजार, निकाल ०-०. कार्डिनल्सचा पॅडी ड्रिस्कॉल प्रत्येक पंट (लाथेने चेंडू प्रतिपक्षाकडे लांब टोलवणं) ग्रेंजपासून लांब मारत राहिला. ते डोकं खरं, पण ग्रेंजला धावताना बघायला पैसे मोजून आलेल्यांनी हुर्यो उडवली. त्या दिवशी गल्ला म्हणजे काय हे ओब्रायन यांनी डोळ्यांनी बघितलं. ग्रेंजच्या बेअर्सशी आणखी एक सामना पदरात पाडायचा तर आपला संघ अव्वल असायला हवा, म्हणून ते दोन जादा सामने. हाव म्हणा, व्यवहार म्हणा. ग्रेंज जखमी झाला आणि तो सामना झालाच नाही.

आणि तारखेचा योगायोग बघा. ६ डिसेंबरला मरून्स शिकागोत कार्डिनल्सना हरवत होते, त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ग्रेंजला बघायला सत्तर हजारांच्या घरात माणसं लोटली होती. त्या एका दिवसाच्या कमाईने न्यूयॉर्क जायंट्सचे मालक टिम मारा कर्जातून वर आले. सगळं लक्ष तिकडे. पॉट्सव्हिलचा विजय लीगच्या दृष्टीने किती मोठा असेल, ते यावरून समजा.

हे सगळं झाल्यावर मुख्य गोष्ट, जी मूळ लेखात मी एका ओळीत उरकली होती. लीगने विजेतेपद देऊ केलं तेव्हा ख्रिस ओब्रायन यांनी ते घेतलं नाही. आपल्याला मैदानावर हरवलेल्या संघाच्या डोक्यावरून ते घेणं त्यांना पटलं नाही. ज्यांनी जादा सामने जुळवले, दंड भरायची पाळी ज्यांच्यावर आली, तेच नको म्हणाले. त्या वर्षी कुणालाच विजेता जाहीर केलं गेलं नाही. १९३०च्या दशकात संघ चार्ल्स बिडविल यांच्याकडे गेला आणि पुढे १९२५ च्या रकान्यात कार्डिनल्सचं नाव पक्कं झालं. आज ॲरिझोनात असलेल्या या संघाच्या नावावर दोनच विजेतेपदं आहेत, १९२५ आणि १९४७. पहिलं सोडायचं म्हटलं तर निम्मी संपत्ती जाते, त्यामुळे ते का सोडत नाहीत हे समजण्यासारखं आहे. पॉट्सव्हिलकरांनी दाद मागितली, १९६३ मध्ये मालकांनी १२-२ ने फेटाळली. २००३ मध्ये खुद्द राज्यपाल एड रेंडेल यांनी जोर लावला, तेव्हा ३०-२. बाजूने मत देणारे दोन संघ पेनसिल्व्हेनियाचेच, फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स.

तेव्हा ‘चोरलं’ हा शब्द मागे घेतो. चोरी करायला घेणारा लागतो, आणि इथे ज्याच्या हाती ते येत होतं त्यानेच हात मागे घेतला. पण मग ‘जिंकलं’ हा तुमचा शब्दही मला चालत नाही. १९२५ ची ती जागा रिकामी ठेवायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

‘मरून्सनी तो प्रदर्शनीय सामना खेळायचा मोह टाळायला हवा होता’ असंही तुम्ही लिहिलं आहे. आज तसं वाटतं. तेव्हा मात्र कॉलेज फुटबॉल हा खरा खेळ आणि पैसे घेऊन खेळणारे भाडोत्री, असाच लोकांचा समज होता. व्यावसायिक संघ नोटर डेमच्या घोडेस्वारांपुढे टिकेल असं कुणी मानत नव्हतं. मरून्स मागे होते ६-७ ने, टचडाउननंतरचा (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण, वर लाथेने एक) एक गुण हुकला होता, आणि शेवटी शेवटी चार्ली बेरीने फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने मारलेला तीन गुणांचा फटका, मारून सामना फिरवला. या लीगची पत ज्यामुळे वाढली, त्याच सामन्यासाठी लीगने त्यांना बाहेर काढलं. आणि पुढच्याच वर्षी परत आत घेतलं, कारण ग्रेंज आणि त्याचा व्यवस्थापक पाइल यांनी वेगळी लीग काढली होती आणि पॉट्सव्हिल तिकडे गेलं तर काय, ही भीती. हद्दीच्या नियमाचं पावित्र्य एवढंच टिकलं.

मूळ लेखात तीन बदल केले आहेत. शीर्षक बदललं, ‘अंतिम सामना’ काढून टाकला. तिसरा बदल तुमच्या यादीत नाही: शायब पार्कवरच्या त्या सामन्याचा निकाल मी ९-६ लिहिला होता. तो ९-७ होता. एवढ्या बारकाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून हे कसं सुटलं?