कुलमुखत्यारपत्र द्या आणि निर्धास्त झोपा

गावाकडची दीड एकर जमीन तुमच्या नावावर, तुम्ही पुण्यात नाहीतर थेट न्यू जर्सीत, आणि तलाठ्याकडे खेटे घालणं जिवावर येतं ना? मग चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, करून द्या; तो झाला तुमचा मुखत्यार. तोही म्हणतोच आहे, "दादा, तू फक्त सही कर, बाकीचं मी बघतो."

मसुदा मात्र वाचायचा नाही. वाचणं म्हणजे भावावर अविश्वास. टायपिस्टने संगणकात जुनी फाइल उघडून फक्त नाव नि गट नंबर बदललेला असतो, त्यात तुम्ही काय शहाणपणा करणार? तुम्हाला विहिरीवर विजेचं कनेक्शन हवं होतं. मसुद्यात मोजणी, गहाण, इसार (म्हणजे बयाणा), साठेखत (म्हणजे पुढे विकण्याचा करार), खरेदीखत, रक्कम स्वीकारून पावती देणे असं सगळं एका दमात आलेलं असतं. शेवटी, ‘सदर मुखत्यार जी कृत्ये करतील ती मी जातीने केली आहेत असे समजण्यात यावे.’ राहू द्या तसंच. एकाच कामापुरतं आणि ठरावीक मुदतीचं पत्र देणारे लोक लग्नाच्या पंगतीतही जिलबी मोजून वाढतात.

कायदा तुमच्या पाठीशी आहेच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२६ सांगतं की मुखत्याराने तुमच्या वतीने केलेला करार तुम्ही स्वतः केल्यासारखाच लागू होतो. कलम २३० पुढे सांगतं की तसं काही ठरलं नसेल, तर त्या करारात मुखत्यार स्वतः अडकत नाही. सही त्याची, बांधले गेलात तुम्ही. आणि भावावर भरवसा नसेल तर त्याच्या नववीतल्या पोराला नेमा. कलम १८४ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, मुलगाही एजंट म्हणून तुम्हाला तिऱ्हाइताशी बांधू शकतो, फक्त त्याने घोटाळा केला तर तो तुम्हाला जबाबदार नाही. इतकी मुभा आपल्याला शाळेतही नव्हती.

पुढेमागे बिनसलंच, तर पत्र रद्द करायची रीतही सोपी आहे. फोनवर कडकडून भांडायचं, "आजपासून तुझा-माझा संबंध संपला" म्हणायचं नि फोन ठेवायचा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडे रद्दलेख, असले खर्च करू नयेत. आमच्या एका काकांनी ते वाचवले. कलम २०८ प्रमाणे रद्द झाल्याचं मुखत्याराला कळलं की त्याच्यापुरतं रद्द. समोरच्या खरेदीदारापुरतं मात्र, त्याला कळेल तेव्हा. काकांच्या खरेदीदाराला इसार देऊन झाल्यावर कळलं. काका अजून तारखांना जातात. तालुक्याच्या एसटीत त्यांना सगळे कंडक्टर ओळखतात.

बिल्डरला देणार असाल तर मोबदला घेऊन ‘रद्द न होणारं’च द्या. त्या जमिनीत मुखत्याराचाच हितसंबंध गुंतला की कलम २०२ प्रमाणे त्याला बाधा येईल असं ते रद्द करता येत नाही. चूक सुधारण्याची कटकटच संपली.

हिशेब मागू नका. मागितल्यावर हिशेब देणं मुखत्याराचं कर्तव्य आहे असं कलम २१३ म्हणतं खरं, पण दिवाळीत घरी आलेल्या माणसाला चकलीसोबत हिशेब विचारतं का कुणी?

आणि ‘आपल्या मागे कोण बघणार’ ही काळजी तर मुळीच नको. मुखत्यारामार्फत दस्त नोंदवताना घोषणापत्र जोडावं लागतं, की ‘लिहून देणार’, म्हणजे तुम्ही, हयात आहे आणि पत्र रद्द झालेलं नाही. हे कुणी लिहून द्यायचं? मुखत्यारानेच. तुमची ख्यालीखुशाली इतक्या आपुलकीने कोण सांगतं हो?

मग दस्ताच्या गोषवाऱ्यावर ‘लिहून देणार’ म्हणून तुमचं नाव येतं, खाली ‘तर्फे कुलमुखत्यार’, शेजारी त्याचा फोटो नि अंगठा. फोटोत भाऊ हसत नसतो. तसं काही नाही, कॅमेऱ्यामागचा ऑपरेटर ओरडलेला असतो, "चष्मा काढा, इकडे बघा."