गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, माइंडसेट जाता कामा नये

धंदा मंदावला की काही लोक सरळ हिशेबाची वही उघडून बसतात. अशा लोकांपासून चार हात लांब राहा. वहीत आकडे असतात, आणि आकड्यांना तुमच्या स्वप्नांशी काही देणंघेणं नसतं. कोणाकडून किती येणं आहे, कोणाचं किती थकलंय, कोणता माल महिनोन्‌महिने जागचा हललेला नाही, असल्या क्षुद्र गोष्टी तिथे सापडतात आणि अख्खा दिवस नासतो. त्यापेक्षा स्वतःला विचारा, माझा माइंडसेट बरोबर आहे का? या प्रश्नाची मोठी सोय अशी की त्याचं पक्कं उत्तर कधीच मिळत नाही, त्यामुळे तो जन्मभर पुरतो. शिवाय उधारी वसूल करायला जाताना जसा घसा कोरडा पडतो तसा हा प्रश्न विचारताना पडत नाही.

माइंडसेटची सुरुवात पहाटे चारला होते. चारलाच का, हे विचारणं म्हणजेच चुकीचा माइंडसेट. तुमचं पहिलं गिऱ्हाईक दहाला येत असेल, शेवटचं रात्री नऊला जात असेल आणि मग मोजदाद, आवराआवर करून तुम्ही बाराला अंथरुणाला पाठ टेकत असाल, तरी चारला उठायचंच. विल्यमसन आणि फेयर या दोन संशोधकांनी 2000 साली एक निरुत्साही शोध लावून ठेवलाय. सलग 17 ते 19 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी, किंवा त्याहूनही वाईट होते म्हणे. चारला उठलेल्याचे 17 तास रात्री नऊला भरतात, म्हणजे नेमके गल्ला मोजायच्या वेळी. पण घाबरू नका. त्या अवस्थेत गल्ला थोडा जास्तच वाटण्याचीही शक्यता आहे.

उठल्यावर आरशासमोर उभं राहून ‘पैसा माझ्याकडे धावत येतोय’ असं म्हणायचं, आणि डोळे मिटून तो येताना बघायचा. कॅपेस आणि ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली असंच करायला लावून लोकांचा रक्तदाब मोजला. सगळं छान झालंय अशी रम्य चित्रं रंगवणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उतरला आणि अंगातली उमेदही त्याबरोबर उतरली. मनाला वाटतं काम झालं, मग शरीर कशाला धावपळ करेल? याकडे दुष्परिणाम म्हणून बघू नका. छोटा धंदा चालवणाऱ्याला रक्तदाब उतरवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा कुठे मिळणार!

ध्येय ठरलं की ते मनात ठेवू नका, जगाला सांगा. ‘दोन वर्षांत पाच शाखा’ असं लिहून स्वतःचा हाताची घडी घातलेला फोटो टाका. पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 2009 सालचे प्रयोग इथे फार उपयोगी आहेत. आपण अमुक व्हायचं, असे इरादे ज्यांनी मांडले आणि दुसऱ्या कोणी त्यांची दखल घेतली, त्यांनी पुढे त्या कामाला वेळ कमी दिला. ज्यांचे इरादे कोणी वाचलेच नाहीत ते बिचारे काम करत बसले. दखल घेतली गेली की माणसाला आपण अर्धे पोहोचल्यासारखं वाटतं. तेव्हा पोस्ट टाका, दोनशे अभिनंदनं घ्या, आणि पाच शाखांचं समाधान एकही शाखा न उघडता पदरात पाडून घ्या. जागेचं भाडं वाचलं, हे वेगळंच.

सवयी 21 दिवसांत लागतात. ही गोष्ट कोणी सिद्ध केली म्हणून खरी नाही, सगळे सांगतात म्हणून खरी आहे. तिचं मूळ 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जननं केलेल्या निरीक्षणात सापडतं. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, असं तो म्हणाला होता. पुढे ‘निदान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि आकडा तेवढा उरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी नंतर खरोखरच मोजलं, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाली आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. पण 254 दिवसांचं आव्हान कोणी घेईल का? पोस्टरवरही तो आकडा काही शोभत नाही.

आता मार्केटिंग. मार्केटिंग म्हणजे रील.

समजा, सकाळचे अकरा वाजलेत. तुम्ही फोन स्टँडला लावलाय, प्रकाश डावीकडून येतोय की नाही हे तपासताय आणि ‘ग्राहक हाच आमचा परिवार’ हे वाक्य सातव्यांदा म्हणताय. सहाव्यांदा ‘परिवार’वर जीभ अडखळली होती. तेवढ्यात त्याच फोनच्या वरच्या कडेला एक संदेश सरकतो, ‘नमस्कार, हीच वस्तू काळ्या रंगात आहे का? आज संध्याकाळी न्यायची होती.’ अजिबात बघू नका. बघितलात तर उठून कपाट उघडावं लागेल, काळी आहे का पाहावं लागेल, आहे म्हणून कळवावं लागेल, आणि तेवढ्यात प्रकाश जाईल. संदेश बोटानं वर सारा. असे संदेश साठू द्यावेत. रात्री संपादन, संगीत, अक्षरांचा रंग हे सगळं आटोपलं की मग त्या माणसाला ‘हॅलो डियर, आमचं पेज फॉलो करा’ असं लिहावं. तोवर त्यानं दुसरीकडून काळी घेतलेली असते, पण फॉलो कदाचित करेलही.

व्ह्यूज मोजा, लाइक मोजा, शेअर मोजा. रील बघून आत किती जण आले आणि त्यातल्या किती जणांनी काही घेतलं, हे मोजू नका. मोजायचं झालं तर प्रत्येक नव्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारावं लागतं आणि उत्तर कागदावर टिपावं लागतं. बहुतेक जण ‘मैत्रिणीनं सांगितलं’ असं काहीतरी म्हणतात. मैत्रिणीला बूस्ट करायचं, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांपुढे सरकवायचं, बटण अजून निघालेलं नाही, त्यामुळे ही माहिती निरुपयोगी आहे.

बूस्टचं बटण मात्र जरूर दाबा. जाहिरात कोणाला दाखवायची असं विचारलं, तर ‘सगळ्यांना’ म्हणा. फारच आग्रह झाला, तर जे आधीपासून तुमच्याकडे येतात त्यांना. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या बड्या कंपनीनं 2012 साली एक करून पाहिलं. ‘ईबे’ हेच नाव टाकून शोधणाऱ्यांना ज्या पैसे मोजून जाहिराती दिसायच्या, त्या काही सर्च इंजिनांवर बंद केल्या. त्यामुळे जे क्लिक जायला हवे होते, त्यातले 99.5 टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. ज्यांना यायचं होतं ते येतच होते, त्यांच्या येण्याचे पैसे तेवढे वाचले. इतर जाहिरातींचा परिणाम दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांवर. आता तुमचं नाव काही ईबे नाही, त्यामुळे अनोळखी माणसापर्यंत पोहोचायला जाहिरात तुम्हाला लागेलही. पण अनोळखी माणूस कठीण, तो लाइक करत नाही. मावशी करते. तेव्हा मावशीला दाखवा.

सवलत हा माझा आवडता विषय आहे, जरा बैठक मारून ऐका. एक वस्तू तुम्हाला सत्तरला पडते आणि तुम्ही शंभराला विकता, असं धरू. तीस सुटतात. खप थंडावला म्हणून 10 टक्के सवलत लावलीत. वरवर बघता दहाच टक्के गेले, काय मोठंसं? पण सत्तर तर तसेच राहिले, म्हणजे तिसाचे वीस झाले. नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. आधीइतकंच सुटायला हवं असेल तर माल दीडपट खपला पाहिजे. सवलत 20 टक्के केलीत की दहा सुटतात, म्हणजे तिप्पट खप हवा. तिप्पट माल आणायला भांडवल हवं, ठेवायला जागा हवी, बांधून द्यायला माणसं हवीत, पण ते नंतर बघू. 30 टक्के केलीत की सगळी चिंता मिटली, कारण मग कितीही खपला तरी हाती काहीच उरत नाही आणि हमाली तेवढी आपली. यापुढे काही शूर लोक 40 टक्क्यांपर्यंत जातात आणि नुकसान खपावर भरून काढू म्हणतात. त्यांच्या हिमतीला नमस्कार.

याच हिशेबाची दुसरी बाजू कोणाला सांगू नका. भाव 10 टक्क्यांनी वाढवला तर तिसाचे चाळीस होतात, आणि चारातलं एक गिऱ्हाईक सोडून गेलं तरी नफा होता तेवढाच राहतो, धावपळ मात्र कमी. पण भाव वाढवायचा तर समोरच्याच्या डोळ्यात बघून का वाढवला ते सांगावं लागतं, आणि त्याआधी ते स्वतःला माहीत असावं लागतं. सवलतीला फक्त लाल फलक पुरतो. त्यावर ‘शेवटचे दोन दिवस’ लिहा आणि दर महिन्याला तोच फलक लावा. लोक हुशार असतात. हळूहळू ते पूर्ण भावात घेणं सोडून देतात आणि शेवटच्या दोन दिवसांची वाट बघत घरी बसतात. याला ग्राहकांची निष्ठा म्हणतात.

लोगो दर सहा महिन्यांनी बदला. याबद्दल अधिक बोलण्यासारखं काही नाही.

कोणी ऑनलाइन वाईट शेरा दिला, तर त्याला सोडू नका. ‘माल उशिरा मिळाला’ असं त्यानं लिहिलंय ना? उशीर का झाला ते शोधत बसू नका. तुम्ही किती कष्टातून वर आलात ते लिहा, त्याच्या नकारात्मक ऊर्जेबद्दल लिहा, आणि शेवटी त्याच्या संस्कारांवर या. हे सगळं पुढचा प्रत्येक माणूस वाचणार आहे, म्हणून शुद्धलेखन तपासा. हार्वर्डच्या मायकल लुका यांनी 2011 साली सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. येल्प या लोकांचे शेरे आणि तारे गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. हा परिणाम स्वतंत्र, लहान रेस्टॉरंटांवर दिसला. मोठ्या साखळ्यांवर नाही, त्यांचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. म्हणजे तारे तुमच्यासारख्यांच्याच कामाचे. पण ताऱ्यासाठी स्वाभिमान विकायचा का? मुळीच नाही.

एवढं करूनही काही जमत नसेल, तर बिझनेस कोच करा. आधी तो फुकटच्या वेबिनारमध्ये तुमच्या मर्यादा तुम्हाला दाखवेल, मग त्या मर्यादा तोडण्याचं शुल्क सांगेल. तो गॅरेजमधून सुरू झालेल्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतो. ॲपलच्या गॅरेजबद्दल खुद्द तिचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक 2014 साली म्हणाले होते की ते काहीसं मिथक आहे. तिथे ना डिझाइन झालं, ना उत्पादन. पण ही अडचण कोचला विचारू नका. तसंच, अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं की नव्या धंद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी मिटतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. त्या निम्म्यांतही पहाटे चारला उठणारे होते का, हे विचारायला हात वर करू नका. माइक बंद असतो.

आणि एक पथ्य पाळा. कोच काय सांगतो ते ऐका, तो काय करतो ते बघू नका. बघितलंत तर लक्षात येईल की त्याचे पैसे आगाऊ येतात, उधारीचं नाव नाही. मालाचा साठा नाही. त्याला कोणता माणूस हवा हे पक्कं ठाऊक आहे. नुसती चौकशी केलेल्याचं नाव आणि नंबर तो लिहून ठेवतो, दुसऱ्या दिवशी फोन करतो, आठवड्यानं पुन्हा करतो. वेबिनारला आलेल्यांपैकी किती जणांनी पैसे भरले, हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्याची वही इतकी चोख असते की बघून माणसाचा माइंडसेट बिघडावा.

तुम्ही मात्र आता मोठा विचार करा. कोणीतरी एकदम दसपट ऑर्डर घेऊन येईल, पैसे 90 दिवसांनी देतो म्हणेल. ताबडतोब हो म्हणा. कच्च्या मालाचे पैसे तुम्हाला आज मोजायचेत, पगार महिनाअखेरीला द्यायचेत, आणि येणं तीन महिन्यांनी आहे. कागदावर घसघशीत नफा आणि बँकेत खडखडाट, ही अवस्था फक्त वाढत्या धंद्यांनाच लाभते. जो वाढत नाही त्याला असं बुडता येत नाही. ऑर्डर जितकी मोठी तितका मधला खड्डा मोठा. निम्मी रक्कम आगाऊ मागायचा विचार मनात आला, तर तो टंचाईचा माइंडसेट आहे असं समजून दीर्घ श्वास घ्या. दुसऱ्या महिन्यात पुरवठादाराचे फोन सुरू होतील. उचलू नका, ऊर्जा खाली येते. त्याऐवजी ‘मोठं होताना होणाऱ्या वेदना’ यावर एक मोठी पोस्ट लिहा, खिडकीबाहेर बघणारा फोटो जोडा. खाली पुरवठादारानं ‘साहेब, पैसे कधी?’ असं विचारलं, तर त्याच्या कॉमेंटला लगेच हार्ट द्या, म्हणजे पोस्टचा रीच वाढेल.