कॉपी मारा, ६०चे ३० होतात म्हणे

शिमग्यातले पालखीचे व्हिडिओ मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवायची वेळ आली की आमच्या वाडीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: "६० एफपीएसचा व्हिडिओ ३० करायला री-एन्कोड कशाला? एफएफएमपेगला कॉपी मोड लावून रेट ३० द्या, दोन सेकंदात काम, साईझ निम्मी, क्वालिटी जशीच्या तशी." (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं; री-एन्कोड म्हणजे व्हिडिओ उलगडून परत नव्याने दाबणं; एफएफएमपेग हे व्हिडिओवर असली कामं करणारं सॉफ्टवेअर.) दोन सेकंदात होतं हे खरंय. काहीच होत नाही म्हणून तर दोन सेकंदात होतं.

कॉपी म्हणजे फ्रेम न उघडता ह्या डब्यातून त्या डब्यात टाकणं. एफएफएमपेगच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की कॉपीत रेटचा आकडा नव्या फाईलला नुसता कळवला जातो, एकही फ्रेम गळत नाही की वाढत नाही, उलट आकडा टायमिंगशी जुळला नाही तर फाईल बिघडू शकते. मी सहाणेवरची (पालखी बसते तो चौथरा) एक मिनिटाची क्लिप करून बघितली, साईझ होती तेवढीच.

"मग एकाआड एक फ्रेम काढा ना", असं खाली कोणीतरी लिहितोच. गोम इथेच आहे. एच २६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मध्ये पूर्ण चित्र फक्त की-फ्रेममध्ये, फोनवर साधारण सेकंदाला एखादी, आणि मधल्या पी-फ्रेममध्ये नुसता फरक, म्हणजे आधीच्या चित्रातला हा तुकडा थोडा उजवीकडे सरकला, तो तसाच राहिला, आणि पुढची फ्रेम हिच्यावर, तिच्या पुढची तिच्यावर, अशी सगळी माळ. मधली एक काढलीत की पुढच्या की-फ्रेमपर्यंत चुकतच जातं. मुद्दाम काढून बघितल्या: नाचवणाऱ्याचा हात मागच्या गुलालात विरघळला, पालखीचे गोंडे स्क्रीनभर ओघळले, सेकंद संपला की सगळं एकदम ताळ्यावर, परत ओघळ सुरू. देवाची चेष्टा केल्यासारखं वाटलं, डिलीट केली.

अपवाद आहेत, नाही असं नाही. ज्यांच्यावर दुसरी कुठली फ्रेम अवलंबून नाही अशा बी-फ्रेम (आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही फ्रेमवरून बनणाऱ्या) काढता येतात, पण फोनच्या शूटिंगमध्ये त्या बऱ्याचदा नसतातच, आणि असल्या तरी त्याच सगळ्यात हलक्या. एमजेपेगमध्ये (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या एव्हीआय फाईली आठवतायत?) प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फोटो, तिथे खुशाल अर्ध्या फेका. नुसत्या की-फ्रेम ठेवायलाही री-एन्कोड लागत नाही, पण मग सेकंदाला एखादंच चित्र उरतं. जेटीवरून भरती चढताना घेतलेल्या शूटिंगला झकास, पालखीला नाही.

"साईझ निम्मी" तर नीट री-एन्कोड करूनही होत नाही, क्वालिटी तीच ठेवलीत तर. ६० मध्ये शेजारच्या फ्रेममधला फरक थोडा, ३० मध्ये तोच वाढतो, आणि की-फ्रेम जड त्या जडच.

राहिलं "री-एन्कोडने क्वालिटी जाते". जाते, पण मूळ फाईलवरून एकदाच करा, एक्स२६४ला (एच २६४ बनवणारा एन्कोडर) सीआरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, १८ ते २३ मधला द्या (२३ डिफॉल्ट, आकडा लहान तितकी फाईल मोठी), आणि मग मोबाईलवर फरक दाखवा मला. आवाज मात्र कॉपीच ठेवा, ढोलाला हात लावायची गरज नाही. मी तर पुढच्या शिमग्याला फोनच्या सेटिंगमध्येच ३० करून ठेवणारे, रात्री देवळासमोरच्या उजेडात ६०चं तसंही दाणेदार येतं.