पीजीएमपीची तयारी: आधी अर्ज की आधी सराव प्रश्न?

नमस्कार. आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. पीजीएमपी, म्हणजे प्रोग्राम मॅनेजरांसाठीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीत अनुभवाचा अर्ज लिहिण्याला मी दिलेले महत्त्व आपल्याला अवाजवी वाटते. अर्ज ही निव्वळ कागदोपत्री बाब असून तो वेळ सराव प्रश्नांना द्यावा, असे आपण म्हणता. हे मत बऱ्याच उमेदवारांचे असल्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देतो.

सराव हवाच, याविषयी दुमत नाही. चार तासांत 170 प्रश्न सोडवायचे म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. त्यांतल्या 20 प्रश्नांना गुण नसतात, पण ते कोणते हे कळत नसल्याने सगळेच मनापासून सोडवावे लागतात. माझा आग्रह केवळ क्रमाविषयी आहे.

या परीक्षेला बसण्याआधी उमेदवाराने लिहिलेला अनुभव प्रोग्राम मॅनेजरांचे पॅनेल तपासते. अनेक उत्तम प्रोजेक्ट मॅनेजर येथेच अडखळतात, कारण ते मुदत, खर्च आणि कामाची व्याप्ती कशी सांभाळली एवढेच लिहितात. प्रोग्राम म्हणजे एका समान लाभासाठी एकत्र चालवलेले परस्परसंबंधित प्रोजेक्ट. समजा, एका प्रोग्राममध्ये चार प्रोजेक्ट आहेत आणि त्यांतला एक अगदी वेळेवर, ठरलेल्या खर्चात चालला आहे. मात्र संस्थेचे धोरण बदलल्यामुळे त्याच्यातून अपेक्षित असलेला लाभ आता कोणालाच नको आहे. प्रोजेक्ट मॅनेजरच्या दृष्टीने तो प्रोजेक्ट यशस्वी आहे. प्रोग्राम मॅनेजरला मात्र गव्हर्नन्स बोर्डापुढे (प्रोग्रामवर देखरेख ठेवणाऱ्या वरिष्ठांच्या मंडळापुढे) जाऊन तो थांबवण्याची शिफारस करावी लागते, मोकळी झालेली माणसे आणि पैसा उरलेल्या तीन प्रोजेक्टांकडे वळवावा लागतो आणि नाराज स्टेकहोल्डरांना (संबंधित हितधारकांना) त्यामागचे कारण पटवून द्यावे लागते.

आपल्याच कामातला असा एखादा निर्णय शोधून, तो का घेतला आणि त्याचा लाभांवर काय परिणाम झाला हे मोजक्या शब्दांत मांडणे, हाच माझ्या मते या परीक्षेचा खरा अभ्यास आहे. परीक्षेतले प्रसंगाधारित प्रश्नही हीच दृष्टी तपासतात. तेथे चारही पर्याय वरवर योग्य दिसतात आणि त्यांतले एखाद-दोन तर चांगल्या प्रोजेक्ट मॅनेजरने खुशाल निवडावेत असे असतात. ही दृष्टी तयार नसताना सोडवलेल्या प्रश्नसंचातून उत्तरे पाठ होतात, निर्णयाची रीत हाती लागत नाही.

आपण पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा) उत्तीर्ण आहात, म्हणून अर्ज आपल्याला सोपा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पीजीएमपीसाठी पीएमपीची अट नाही, आणि पीएमपी असल्याने प्रोग्रामच्या अनुभवाची अट शिथिलही होत नाही. तो अनुभव वेगळा दाखवावाच लागतो.

राहिला वेळ वाया जाण्याचा मुद्दा. अर्ज मंजूर झाल्यावर परीक्षेसाठी एक वर्षाची मुदत मिळते. त्या काळात सराव प्रश्न जरूर सोडवावेत, आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापाशी थांबून आपण ते कोणत्या भूमिकेतून निवडले होते, हे तपासून पाहावे.