पेप्टाइडची पुडी आणि ‘जाग्या’ झालेल्या पांढऱ्या पेशी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तीनदा येऊन गेला. म्हणे, पेप्टाइड हे प्रथिनांचे छोटे, नैसर्गिक तुकडे. रोज एक पुडी पाण्यातून घ्या, पांढऱ्या पेशी थेट जाग्या होतात. जितक्या जास्त जाग्या तितकी प्रतिकारशक्ती जास्त. परदेशात हे मान्यताप्राप्त औषध आहे. आणि दुष्परिणाम शून्य.

‘पेशी जाग्या होतात.’ होतात की! जिवाणू स्वतःचं प्रत्येक प्रथिन बांधायला घेतात ते फॉर्माइल (एक छोटा रासायनिक गट) लावलेल्या मेथिओनीन या अमिनो आम्लापासून. आपल्या शरीरात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) सोडले तर असं कुणी करत नाही. म्हणून तसा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जरी सापडला, तरी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला घरात चोर शिरल्याचं कळतं. ही ओढ 1975 मध्ये प्रयोगातून दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीच्या टोकातून हे पेप्टाइड सोडा: गोल पेशी चपटी होते, एका बाजूने पुढे पसरते आणि नळीकडे सरपटायला लागते. नळी दुसरीकडे नेली की तीही वळते. तासन्‌तास बघत बसावं असं दृश्य आहे.

‘जितकं जास्त तितकं चांगलं.’ तेच पेप्टाइड चहूबाजूंनी भरपूर ओता. पेशीला दिशा कळत नाही, तिचे रिसेप्टर (पेप्टाइड ओळखणारे पृष्ठभागावरचे रेणू) आत ओढले जातात आणि ती दाद देईनाशी होते. मोठ्या अपघातात फुटलेल्या पेशींमधून मायटोकॉन्ड्रियाचे असेच तुकडे रक्तात येतात. जंतू नसतानाही या पेशी चवताळतात आणि फुफ्फुसासारख्या धडधाकट अवयवाला इजा करू शकतात. ही धोक्याची घंटा आहे हो, सकाळचा गजर नव्हे.

‘पाण्यातून घ्या.’ इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचं. ते पिऊन भागलं असतं तर मधुमेही माणसाने रोज पोटाला सुई कशाला टोचली असती? दोन-तीन आम्लांचे तुकडे आतड्यात शोषले जातात, हे विक्रेते बरोबर सांगतात. मात्र त्यातल्या बहुतेकांची पुढे सुटी आम्लं होतात, जशी वाटीभर वरणाची होतात.

‘परदेशात मान्य.’ थायमोसिन अल्फा-1 हे पेप्टाइड (28 अमिनो आम्लं) काही देशांत हिपॅटायटिस बीसाठी वापरतात, तेही इंजेक्शनने. चीनमध्ये सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तो आजार) सुमारे 1100 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 28 दिवसांतल्या मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मिफामुर्टाइड हे जिवाणूंच्या भित्तिकेतल्या पेप्टाइडवरून बनवलेलं औषध, हाडांच्या एका कर्करोगासाठी. तेही शिरेतून, आणि ताप, हुडहुडी त्यात नेहमीचीच. शून्य दुष्परिणाम म्हणे.

राहिलं ‘नैसर्गिक’. मधमाशीच्या विषातलं मेलिटिनही 26 अमिनो आम्लांचं नैसर्गिक पेप्टाइडच आहे.

हे लिहायला बसलो ते ग्रुपवरच्या एका काकांमुळे. अपघातानंतर त्यांची प्लीहा काढली आहे. ‘मी पुडी घेऊ का?’ असं त्यांनी विचारलं. टफ्ट्सिन नावाचं चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड तयार व्हायला प्लीहा लागते, आणि ते जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेव आणतं. म्हणजे काकांची शंका रास्तच. पण त्यावरचा उपाय पुडीत नाही. काका, डॉक्टरांना न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसींचं विचारा. आणि ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.