नाणी लिलावात द्यावीत की मोडीत घालावीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

जुनी नाणी लिलावात विकण्याविषयीच्या माझ्या लिखाणावर निपाणीहून आलेल्या आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. वडिलोपार्जित सोन्याची नाणी मुंबई-बंगळुरूच्या लिलावात विकणे म्हणजे घरचा ठेवा परक्याच्या तिजोरीत घालणे होय, असा आपला आक्षेप आहे. शिवाय दलाली देण्यापेक्षा बेळगावातल्या शहापूरच्या सराफाकडे मोडून त्याच दिवशी पैसे घेतलेले बरे, असेही आपण म्हणता. ही दोन्ही मते एकत्र कशी नांदतात, हे मला उमगले नाही. कारण सराफाच्या मुशीत गेलेले नाणे कोणाच्याच तिजोरीत उरत नाही.

सराफ वजन आणि कस पाहतो, तो त्याचा धंदाच आहे. ७.९८ ग्रॅमच्या, २२ कॅरटच्या सर्वसाधारण गिनीला, म्हणजे ब्रिटिश सोन्याच्या नाण्याला, तो हिशेब लागूही पडतो, आणि तिच्यासाठी लिलावाची यातायात करू नये. परंतु ज्यांच्या राज्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली हलशी होती, त्या गोव्याच्या कदंब राजांचा सिंहछाप गद्याण (सोन्याचे नाणे), किंवा जेमतेम पावणेतीन ग्रॅम भरणारा अस्सल शिवराई होन (शिवाजी महाराजांचे सोन्याचे नाणे) वजनावर देणे म्हणजे त्याचे मोल फुकट घालवणे होय. होनाच्या बनावट प्रती मात्र उदंड आहेत, म्हणून जाणकाराकडून पारख करून घेतल्याखेरीज त्याचे नावही काढू नये. आपल्याकडच्या माळांत ओवलेल्या पुतळ्यांचे, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचे, गणित आणखी वेगळे आहे: मूळ व्हेनिसचे नाणे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, पण माळेत बहुधा त्याच्या नकला असतात, आणि अस्सल असले तरी कडी डाकलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतो. ती कडी घासून काढणे किंवा नाणे चिंचेने उजळणे, हे दोन्ही कृपया करू नये.

दलालीचा मुद्दा रास्त आहे. पुकारलेल्या बोलीवर खरेदीदाराकडून वेगळी आकारणी होते, विक्रेत्याकडूनही होऊ शकते. म्हणून राखीव किंमत (जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती), दलालीचा दर आणि न विकलेला माल परत घेण्याचा खर्च हे सारे आधी लेखी ठरवावे. ठेवा परदेशी जाईल ही भीती मात्र कायद्याला धरून नाही, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाया खणताना सापडलेली नाणी ‘आजोबांची’ म्हणून खपवणाऱ्यांचे मी समर्थन करत नाही. अशा नाण्यांना कर्नाटकाचा १९६२ चा भूमिगत निधीविषयक कायदा लागू होतो आणि ती सापडल्याचे सरकारला कळवावेच लागते.

आपला सर्वांत वजनदार आक्षेप म्हणजे संग्रह फुटतो, आणि तो मला मान्य आहे. लिलावात नाणी सुटी विकली जातात आणि ती एकाच घरात होती हे कोठे नोंदले जात नाही. त्यासाठी पाठवण्यापूर्वी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि ते घरात कोणाकडून आले याची नोंद एका वहीत करावी, तिची एक प्रत लिलाववाल्यांना द्यावी आणि सूचीत ती माहिती छापण्याचा आग्रह धरावा.