माल्टिपूविषयीचा संदेश आणि घरातला माल्टिपू

गेले काही महिने गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हापुन्हा फिरताना दिसतो. त्याचा मथितार्थ असा, की माल्टीज आणि टॉय पूडल यांच्या संकरातून झालेला माल्टिपू हा फ्लॅटमध्ये पाळायला सर्वांत निर्धोक कुत्रा आहे. त्याचे केस गळत नाहीत, म्हणून दमेकऱ्याच्या घरातही तो चालतो. संकरित असल्याने शुद्ध जातींचे आजार त्याला होत नाहीत. पूडलची हुशारी आणि माल्टीजचा लाघवीपणा त्याच्यात हमखास उतरतो. ‘टीकप’ पिल्लू घेतले तर ते जन्मभर ओंजळीत मावते. त्याला बाहेर फिरवावे लागत नाही. आणि हे सारे ‘केसीआयच्या’, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, ‘कागदपत्रांसह’ मिळते.

अशी एक कुत्री सहा वर्षे माझ्या घरात आहे. किंबहुना चिंगी आमच्याकडे आली ती दमेकऱ्याविषयीच्या याच दाव्यामुळे. घरातल्या दमेकरी मुलाला ती चालेल, अशी खात्री विक्रेत्याने दिल्यावर एका कुटुंबाने तिला विकत घेतले होते. मुलाची धाप वाढत गेली, डॉक्टरांनी कुत्री घराबाहेर ठेवायला सांगितले, आणि अकरा महिन्यांची चिंगी तिच्या वाट्या, पट्टा आणि एक फाटके उशीचे खोळ घेऊन आमच्या दारात आली. त्या कुटुंबाला मी दोष देत नाही, कारण त्यांनी विचारपूस केली होती. त्यांना मिळालेले उत्तर चुकीचे होते.

ते चुकीचे का, हे समजण्यासाठी कुत्र्याची अ‍ॅलर्जी केसांची नसते, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. त्रास होतो तो कुत्र्याच्या लाळेतल्या, त्वचेच्या सूक्ष्म कोंड्यातल्या आणि मूत्रातल्या प्रथिनांचा. त्यांतले प्रमुख प्रथिन ‘कॅन एफ १’ या नावाने ओळखले जाते. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे कण हवेत आणि सोफ्यावर जातात; केस हे त्या प्रथिनाचे केवळ वाहन आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या संशोधकांनी २०११ साली कुत्रे असलेल्या घरांमधली धूळ तपासली, तेव्हा ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली झालेल्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांच्या नमुन्यांत ते इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडले, आणि त्या जातींमध्ये पूडलही होता. न्याय्य बोलायचे तर त्याच अभ्यासात लॅब्राडूडलच्या (लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकराच्या) घरातल्या जमिनीवरच्या धुळीत हे प्रमाण कमी होते, हेही सांगायला हवे. पण घरातल्या हवेत मात्र फरक नव्हता, आणि दमेकरी श्वास घेतो तो हवेतूनच.

या समजाचा उगमही बोधप्रद आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे प्रजननाचे काम पाहत होते. हवाईमधल्या एका अंध महिलेला असा कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि मोठा पूडल यांचा संकर केला, त्यातून तीन पिल्ले झाली, आणि त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला तपासणीसाठी पाठवले. तिन्हींपैकी एकाच पिल्लाच्या नमुन्याने त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. आई तीच, बाप तोच, वीण एकच. तरीही तीनातले एकच. उरलेली दोन ‘मिक्स’ पिल्ले सांभाळायला संस्थेच्या प्रतीक्षायादीतले लोक तयार होईनात, तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे करण्यात आले आणि मागणी उसळली. कॉनरन यांनी पुढे या सगळ्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. आजच्या संदेशात ती दोन पिल्ले नाहीत. फक्त नाव आहे.

तेव्हा घरात दमेकरी असेल तर जातीचे नाव पाहून निर्णय घेऊ नये. ज्या विशिष्ट कुत्र्याला घरी आणायचे आहे त्याच्याबरोबर त्या माणसाने अनेक वेळा, बंद खोलीत, तासन्‌तास बसून पाहावे, आणि डॉक्टरांचा सल्ला त्याआधी घ्यावा. एका भेटीत काहीही कळत नाही. काहींचा त्रास काही दिवसांनी सुरू होतो.

केस गळत नाहीत, या वाक्याचा दुसरा अर्धाही पाहण्यासारखा आहे. केस फारसे गळत नाहीत हे चिंगीच्या बाबतीत खरे आहे, पण सुटलेला केस जमिनीवर पडत नाही तो कुरळ्या केसांत अडकून राहतो म्हणून, आणि अडकलेल्या केसांचा गुंता होतो. कानांमागे, बगलेत आणि पट्ट्याखाली तो आधी धरतो, मग त्याची चपटी जट होते आणि त्वचा ओढली जाऊन कुत्रा स्पर्शालाच घाबरू लागतो. साधारण सहा महिने ते एक वर्ष या काळात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणचे येतात, तेव्हा हा त्रास कळसाला पोचतो. चिंगी आमच्याकडे आली ती नेमकी त्या वयात, आणि पहिल्याच आठवड्यात तिला सगळीकडून भादरून घ्यावे लागले. आता रोज रात्री दहा मिनिटे कंगवा फिरतो, दीड-दोन महिन्यांनी केस कापले जातात, आणि पावसाळ्यात फिरून आल्यावर पाय व पोट पुसून पूर्ण कोरडे केल्याखेरीज तिला गादीवर जाऊ देत नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने गळणाऱ्या केसांचा कुत्रा पाळावा आणि झाडू मारावा. ते स्वस्त पडते. शिवाय सगळ्याच माल्टिपूंचे केस सारखे नसतात. पहिल्या पिढीतली पिल्ले बहुधा लाटदार केसांची होतात. दोन माल्टिपूंची पिल्ले मात्र सरळ, लाटदार, कुरळी अशी तिन्ही प्रकारची होऊ शकतात. विकणारा हा भेद सहसा सांगत नाही.

संकरामुळे आजार होत नाहीत, या दाव्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. एखादा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावे लागत असेल, आणि ते एकाच जातीत असेल, तर संकरामुळे पहिल्या पिढीचा बचाव होतो. पण दोन्ही जातींत तोच दोष असेल तर संकराने काय साधणार? गुडघ्याची वाटी सरकणे हा लहान कुत्र्यांचा नेहमीचा विकार माल्टीजमध्येही आहे आणि टॉय पूडलमध्येही. हृदयाची झडप वयोमानानुसार निकामी होणे हेही लहान चणीच्या अनेक कुत्र्यांत दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये २४ आनुवंशिक विकारांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतले १० शुद्ध जातींत अधिक आढळले, १ मिश्र कुत्र्यांत अधिक आढळला, आणि १३ विकारांत फरक नव्हता. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅवापू या पूडलच्या तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा सुमारे ८७ टक्के तुलनांमध्ये काहीच फरक निघाला नाही, आणि उरलेल्या तुलना जवळजवळ समसमान दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या. म्हणून पिल्लू पाहायला जाल तेव्हा ‘क्रॉस आहे, दणकट असतो’ या वाक्यावर मान डोलावण्याऐवजी पिल्लाची आई दाखवा म्हणावे, आणि आईबापांचे गुडघे, डोळे व हृदय पशुवैद्यांनी तपासले आहेत का, हे विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेही उत्तरच आहे.

हुशारी पूडलची आणि माया माल्टीजची, ही वाटणी तर लग्नाच्या बैठकीत मुलाचे गुण सांगावेत तशी आहे. बापाचा तापटपणा आणि आईचा हट्ट उतरण्याची शक्यता त्यात कुणी बोलून दाखवत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार, एकेकट्या कुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीने स्पष्ट होतो. हे जर शुद्ध जातींनाही लागू असेल तर संकराच्या नावावरून पिल्लाचा स्वभाव वर्तवणे म्हणजे पत्रिका पाहणेच झाले. चिंगी हुशार आहे, पण तिची हुशारी कुकरची तिसरी शिट्टी झाली की जेवणाची वेळ झाली हे ओळखण्यात खर्च होते. लाघवी म्हणाल तर ती पाहुण्यांच्या मांडीवर कधीच बसत नाही. दोन हात अंतर राखून पाठ करून बसते, आणि ही तिच्या विश्वासाची खूण आहे, हे समजायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले. सुरुवातीला ती कोपऱ्यात जाऊन जांभया देत ओठ चाटत असे. आम्हाला वाटे झोप आली असेल. ती घाबरलेली होती. कोणता आवाज तिला नको आहे, कुठे हात लावलेला चालत नाही, एकटे ठेवल्यावर ती किती मिनिटांनी रडू लागते, या गोष्टी वहीत टिपून ठेवल्या तेव्हा कुठे ती आम्हाला कळू लागली, आणि त्यांतली एकही गोष्ट ‘माल्टिपू’ या शब्दावरून आधी ओळखता आली नसती.

‘टीकप’ हा प्रकार कोणत्याही मान्यवर केनेल क्लबच्या यादीत नाही. माल्टीजचे प्रमाणित वजन साधारण तीन ते चार किलो, टॉय पूडलची उंची २८ सेंटिमीटरपर्यंत. त्यांचे पिल्लू मोठेपणी तीन ते पाच किलोंचे व्हावे, हा रास्त अंदाज, आणि बाप टॉयऐवजी मिनिएचर पूडल असला तर त्याहून अधिक. याखाली वजन आणायचे तर विणीतले सर्वांत खुरटलेले पिल्लू निवडावे लागते, किंवा खुरटलेल्यांचीच जोडी लावावी लागते. अशा पिल्लांना काही तास उपास घडला तरी रक्तातली साखर घसरून झटके येऊ शकतात, आणि सोफ्यावरून मारलेल्या उडीत पाय मोडतो. याहून सोपी युक्ती म्हणजे पिल्लू वयाआधीच विकणे, म्हणजे ते आपोआप ओंजळीत मावते. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला?

फिरवावे लागत नाही, याविषयी फार लिहीत नाही. पूडल मुळात पाण्यातली शिकार आणून देणारा कुत्रा. आकार घटला म्हणून त्याचे नाक आणि पाय घटले नाहीत. ज्या दिवशी चिंगीला सकाळी अर्धा तास वास घेत हिंडता येत नाही, त्या दिवशी संध्याकाळी लिफ्टच्या प्रत्येक आवाजाला ती भुंकते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मला गाठतात. वर्तमानपत्रावर शी-शूची सवय लावली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी त्या काकूंशी बोलावे.

राहिली कागदपत्रे. केनेल क्लब ऑफ इंडिया मान्यताप्राप्त जातींची वंशावळ नोंदते. माल्टिपू ही अशी जात नाही, त्यामुळे माल्टिपूचे केसीआय प्रमाणपत्र म्हणून जे दाखवले जाते ते एक तर आईबापांपैकी कुणाचे तरी असते किंवा खोटे असते. पिल्लाबरोबर मागावेत असे कागद वेगळेच आहेत: पशुवैद्यांच्या सहीचे लसीकरण कार्ड, जंतनाशक दिल्याच्या तारखा, मायक्रोचिप क्रमांक आणि विक्रीची पावती. चिंगीबरोबर आलेल्या कार्डावर जातीच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘टीकप माल्टिपू’ असे लिहिलेले होते. आमच्या पशुवैद्यांनी पहिल्याच तपासणीत तिला काट्यावर उभे केले, चष्मा कपाळावर सरकवला, त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारून शेजारी ‘मिश्र, मादी’ असे लिहिले, आणि खालच्या रकान्यात वजन भरले: ५.४ किलो.